उपाध्यक्षांमधला 'उप'

माझी स्वतःची वेबसाइट नव्याने सजवायचं मी ठरवलं, तेव्हा तिचं जुनं रूप पाहिलेली माणसं म्हणजे मी आणि माझा नवरा. त्यातही नवऱ्याने ती शेवटपर्यंत पाहिली होती, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात स्वतःची साइट नसलेल्या माणसाकडे लोक असे बघतात, की त्याने अंगात शर्ट आहे ना हे चाचपून घ्यावं.

म्हणून रविवारी सकाळी चामराजपेटच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी बसायची. ब्राउझरच्या पोटातच दुरुस्तीची हत्यारं असतात. पानावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' म्हटलं की त्याची आतडी बाहेर येतात. लॅपटॉपला मोबाइलचं सोंग घ्यायला लावता येतं. इंटरनेट मुद्दाम मंद करून बघता येतं. आमच्या घरात ती सोय न मागताच मिळते. आणि सगळ्यात सुखाचं म्हणजे मजकूर तिथल्या तिथे बदलून पाहता येतो. अशाच एका सकाळी मी माझ्या नावाखालचं 'डेव्हलपर' खोडून 'सीनियर डेव्हलपर' केलं. मान तिरकी करून पाहिलं. मग 'आर्किटेक्ट' केलं. शोभत होतं.

मागे माझे थोरले काका कॉफीचा लोटा घेऊन उभे होते. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आणि या कानडी मुलखातल्या आमच्या मराठी समाजाच्या संघाचे उपाध्यक्ष. अध्यक्ष बदलत, उपाध्यक्ष मात्र काकाच.

"हे काय केलीस ग? एवढ्यात बढती?"

"नाही काका, नुसतं माझ्या स्क्रीनवर. खरं पान तसंच आहे. रिफ्रेश केलं की पुन्हा पहिल्यासारखं."

"दुसऱ्याच्या पानावर पण होतं काय?"

"कुठल्याही."

"आपल्या संघाच्या?"

सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं, असं मला वाटलं. मी संघाचं पान उघडलं, कार्यकारिणीत काकांचं पद शोधलं आणि शाळेत शिकवतात तशी संधी सोडवली. 'उप' गेला, 'अध्यक्ष' उरले. मी सोडवलेली संधी काकांनी साधली. लोटा खाली ठेवून ते म्हणाले, "स्वल्प थांब," आणि मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला. मला वाटलं, काकूला दाखवणार असतील. त्यांनी तो संघाच्या ग्रुपवर टाकला. खाली शब्द एकही नाही, नुसते जोडलेले हात.

अभिनंदनांचा पाऊस पडला. एकाने विचारलं, निवडणूक कधी झाली? दुसऱ्याने कळवलं, तुम्ही आला नाहीत त्या बैठकीत. त्यानेही लगेच अभिनंदन केलं, कारण असं कुठल्याही सभासदाला सांगितलं तरी ते खरंच असतं.

दुपारी खरे अध्यक्ष फोनवर आले. त्यांची छपाईची प्रेस आहे, वयाने काकांपेक्षा लहान. काकांना ऐकायला कमी येतं, म्हणून स्पीकर चालू होता.

"अण्णा, मला कधी काढलं? माझ्या मोबाइलवर तर अजून मीच आहे."

खरं काय ते सांगा, अशी मी खूण केली. काका म्हणाले, "तुमचं पान जुनं असेल. रिफ्रेश करा."

त्यांनी केलं. "अजून मीच आहे, अण्णा."

आवाजात राग असेल, अशी माझी अपेक्षा होती. होती ती निराशा. मला राहवेना. फोन हातात घेऊन मी सगळा प्रकार सांगितला.

"म्हणजे खरं नाही?" ते म्हणाले. "बायकोने पायस केलंय. आता तिला काय सांगू?" आणि मग, खालच्या आवाजात, "ते खरं करता येतं काय?"

आलं. पुढच्या बैठकीत इडली-वड्याच्या बशा रिकाम्या व्हायच्या आत ठराव झाला. ज्यांनी अभिनंदन केलं होतं त्यांना ते परत घेणं जड जात होतं, म्हणून निवड एकमताने झाली.

नव्या अध्यक्षांचा पहिला हुकूम माझ्यावर सुटला: संघाची वेबसाइट नवी करायची. समितीला मी नमुना दाखवला, तर प्रत्येकाला आपला फोटो मोठा हवा होता. मी लॅपटॉपला मोबाइलचं सोंग घ्यायला लावलं आणि दाखवलं, की एवढ्या फोटोंखाली संघाच्या हॉलचा फोन नंबर पार तळाला जातो, कुणाला सापडणार नाही.

"मग नंबर काढूनच टाका," चिटणीस म्हणाले. "तसेही फोन फार येतात."

ते फोन आता काकांना येतात. मुंजीच्या दिवशी हॉलचा पंप चालत नाही. खुर्च्या कमी आल्या. चाव्या कुणाकडे? काका जेवता जेवता उठतात, "सरी, सरी, ठीक आहे, बघतो" म्हणतात आणि पायात चपला सरकवतात. काकू ताटावर झाकण ठेवते.

गेल्या आठवड्यात माजी अध्यक्ष बायकोला घेऊन सहज घरी आले. चेहरा चांगला भरला होता. डोसे चालले होते, तेवढ्यात काकांचा फोन वाजला. सवयीने माजी अध्यक्षांचा हात खिशाकडे गेला, वाटेत थांबला, आणि तोच हात पुढे करून त्यांनी काकूकडे चटणी मागितली.