शेजारच्या खाटेचा हेवा

लिहायला लाज वाटते, म्हणून आधी लाजेचंच सांगते. मी एका परक्या बाईच्या बऱ्या होत असलेल्या लेकराचा हेवा केला, आणि तोही थेट महादेवासमोर उभी राहून.

या हिवाळ्यात माझ्या भावाची सात महिन्यांची मुलगी गोंदियाच्या दवाखान्यात होती. साधी सर्दी समजून आम्ही कामठ्याला घरीच चार दिवस काढले. पाचव्या दिवशी तिची छाती श्वासागणिक आत ओढली जायला लागली. वहिनीच तापानं फणफणलेली, म्हणून खाटेजवळ मी बसायची. नाकातल्या नमुन्याचा रिपोर्ट आला, त्यात एक नव्हे, दोन विषाणू. मी पत्रकं लिहिणारी पोरगी. खाटा वाढवा, तलावांतला गाळ काढा, असं गावोगावी वाटत फिरणारी. डॉक्टरांशीही त्याच सुरात बोलले, "दोन आहेत ना, मग औषध पण डबल द्या!" ते म्हणाले, यांच्यावर असं औषध नसतं, ऑक्सिजन द्यायचा, नाक साफ ठेवायचं, थोडं थोडं दूध पाजायचं आणि वाट पाहायची. ते 'वाट पाहायची' मला शिवीसारखं लागलं.

शेजारच्या खाटेवर कोहमाऱ्यापलीकडच्या जंगलपट्ट्यातली, तेंदूपत्ता तोडणारी एक बाई होती. तिचा मुलगा आमच्यानंतर एक दिवसानं आला, तसाच धापा टाकत. तिसऱ्या दिवशी त्याची ऑक्सिजनची नळी निघाली आणि तो मांडीवर खेळायला लागला. आमची मात्र तशीच. ती बाई सकाळी डोळे मिटून आपल्या देवाशी काही पुटपुटायची, मग निवांत भात खायची. तो भात मला बघवेना. याला एकच विषाणू असणार, हे मी ठरवूनच टाकलं. आणि एका दुपारी मनात आलं, याच्याही रिपोर्टवर दुसऱ्या विषाणूचं नाव निघू दे. हो, असंच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला खाटेजवळ बसवून मी नागऱ्याच्या महादेवाला गेले. जुन्या देवळात पिंडीसमोर उभी राहून साहेबाला निवेदन द्यावं तशी बोलले, "आम्ही आधी आलो होतो. तिचं पोरगं आधी बरं काऊन? आमच्या पोरीनं काय बिघडवलं तुझं?"

परतले तर आमच्या खाटेशी सिस्टर उभी, आणि शेजारची बाई पोरीचं डोकं धरून बसलेली. तापाच्या गुंगीत वहिनीचा डोळा लागला होता. तेवढ्यात पोरीचं नाक शेंबडानं गच्च झालं, ओठ निळे पडायला लागले. ते त्या बाईनं पाहिलं. आपलं लेकरू खाटेवर ठेवून ती पळत गेली आणि सिस्टरला घेऊन आली. सिस्टरनं मशीननं नाकातला शेंबूड ओढून काढला, तशी पोरीनं टाहो फोडला. मी नुसती रडत होते.

"तू कायले रडून राहिली बाई? पोरगी बोंबलून राहिली, म्हणजे दम आहे तिच्यात. कुठं गेली होती?"

"नागऱ्याला."

"माह्या पोराचं नाव घेतलं का नाही तिथं?"

"घेतलं," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

"मी बी घेते रोज, तुमच्या पोरीचं." असं म्हणून तिनं उशीखालचा पोराच्या रिपोर्टचा कागद माझ्या हाती दिला. "इंग्रजीत आहे. काय लिहिलं, सांग बरं मले."

त्यावर तीन नावं होती. आमच्यापेक्षा एक जास्त.

मी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, कधी दोन विषाणू मिळून आजार लांबवतात, कधी एकटाच भारी पडतो. नावं मोजून लेकराचं काही कळत नाही, त्याचा श्वास बघा, ते किती पितं ते बघा. हे त्यांनी पहिल्याही दिवशी सांगितलं असेल. मी ऐकलं कुठं होतं?

आणखी दोन दिवसांनी आमची पोरगी वहिनीच्या अंगावर पोटभर प्यायली. तिला कोणी वाचवलं, यावर मी वाद घालणार नाही. इतकंच सांगते, मी देवळात महादेवाशी भांडत होते तेव्हा आमचं लेकरू त्यानं कुणाच्या तरी हाती सोपवून ठेवलं होतं, आणि तो हात निवडणं माझ्याकडे असतं तर मी त्या बाईचा कधीच निवडला नसता. म्हणून आता त्याला काही सुचवत नाही. फक्त लेकरू त्याच्या पायाशी ठेवते.