निळ्या कडेचं ताट

"आमचा विरोध झायोनिझमला आहे, ज्यूंना नाही," असं कुणी तावातावाने म्हणालं की मी आधी त्याच्या स्वयंपाकघरात डोकावून बघतो. वाक्य खरं आहे. माझंही मत तेच होतं आणि आजही तेच आहे. पण बोईसरच्या आमच्या मेसमध्ये त्या वाक्याची जी घाण झाली, ती मी या डोळ्यांनी पाहिली. शी!

सदुसष्ट साल. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं आणि घाटावरून, विदर्भातून, कुठून कुठून आमच्यासारखी पोरं पोटामागे तिथे आली होती. मी कराडकडचा, एका ठेकेदाराकडे नकाशे काढायला होतो. बोईसर स्टेशनाजवळच्या चाळीत माझ्या खोलीत जो दुसरा राहायचा तो त्याच ठेकेदाराचा स्टोअरकीपर. अलिबागकडचा बेने इस्रायली, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला ज्यू. गावाकडे त्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. हा शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या पेल्यात तेलाची वात लावायचा आणि खवलं नसलेली मासळी खायचा नाही. त्यामुळे कोळंबी झाली की त्याची वाटी माझी. बाकी शिव्या अस्सल कोकणी, आणि भजनाला बसला तर आमच्यापेक्षा वरच्या पट्टीत.

त्याचा थोरला भाऊ इस्रायलला गेला होता आणि यालाही ये ये म्हणून बोलवत होता. हा जायला तयार नव्हता. तिकडे गेल्यावर भावाला लोकांनी विचारलं होतं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? "इथे तेली, तिथे काळा," हा हसून म्हणायचा, "मग निदान मासे तरी इथले खातो." बाप अलिबागकडेच पुरलेला. म्हातारी आई गावी एकटी होती. तिला इकडे आणायची म्हणून त्याने चाळीतली शेजारची खोली बोलून ठेवली होती. चुलीची जागासुद्धा ठरवली होती.

आता मेसचं सांगतो. ती काढली आमच्या युनियनच्या पुढाऱ्याने. माणूस बोलायला पक्का. जातपात मोडायची तर ती ताटातून, असं म्हणायचा, आणि तसा नियमच केला होता त्याने: कुणी स्वतःचं ताट आणायचं नाही. सगळी स्टीलची ताटं एकाच ढिगात, ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचं. मला त्या ढिगाचा मोठा अभिमान होता. घरी पत्र लिहिताना मी ते कौतुकाने लिहायचो, आणि आई वाचून कपाळाला हात लावायची.

जूनमध्ये तिकडे युद्ध पेटलं. गाझात शांतीसाठी गेलेले आपले जवानही त्यात मारले गेले, त्यामुळे सगळ्यांचीच डोकी तापलेली. पुढाऱ्याने मेसच्या अंगणात सभा घेतली. मीही बोललो. जगभरच्या ज्यूंचं घर एकच आणि ते पॅलेस्टाइनमध्येच, हा झायोनिझमचा विचार मला मान्य नाही, म्हणालो. युरोपात ज्यूंवर जे अत्याचार झाले त्याची भरपाई तिथल्या अरबांना घरातून उठवून होत नाही, असंही म्हणालो. त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. युद्ध थांबवा, घेतलेली जमीन सोडा, असा ठराव आला तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या स्टोअरकीपरनेही हात वर केला. तिकडे भाऊ बंदुकीखाली, आणि इकडे याचा हात वर. मला वाटलं, झालं, सभा संपली.

कसली संपते! पुढाऱ्याला तेवढ्याने समाधान नव्हतं. तो स्टोअरकीपरला म्हणाला, हात सगळेच वर करतात. तू तुझ्या लोकांना उभा राहून शिव्या घाल, मग आम्ही मानू. हा उठला. आवाज चढवला नाही.

"ठरावाला माझा हात आहे. पण भावाला शिव्या घालणार नाही. इथल्या दुसऱ्या कुणाला कधी असं उभं केलंत का?"

दुसऱ्या दिवशी जेवायला गेलो तर ढिगाशेजारी फळीवर एक इनॅमलचं ताट वेगळं ठेवलेलं. निळ्या कडेचं, कोरं, पालघरच्या बाजारातून मुद्दाम आणलेलं. हा ढिगातलं ताट उचलायला वाकला तेव्हा वाढणाऱ्या बाईने, ती जवळच्याच बेटेगावची, मान खाली घालून ते निळ्या कडेचं पुढे केलं. मी तिच्यावर खेकसलो. ती म्हणाली, "आमाला सांगितला, आमी केला. माजा काय त्याच्यात?" सांगणारा कोपऱ्यात बसून भात कालवत होता. ज्याने ढीग केला त्यानेच!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढाऱ्याला विचारलं, हा झायोनिझमचा विरोध आहे का? याने कुणाची जमीन घेतली? तिकडे बॉम्ब पडला म्हणून इकडे याचं ताट वेगळं? आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! तो शांतपणे म्हणाला, हे तात्पुरतं आहे, लोकांच्या भावना आहेत. भावना! आपल्या लोकांचं हेच. राग कशाचाही असो, जगाच्या पाठीवर कुठलाही असो, शेवटी निघतो तो दुसऱ्याच्या ताटावर. दुसरं काही येतच नाही आम्हाला.

मला आशा होती ती साइटवरच्या ओव्हरसिअरची. तोही आमच्याच पंगतीला असायचा, आणि युद्ध इस्रायलने जिंकलं तेव्हा त्याने पेढे वाटले होते. पहिला पेढा आमच्या स्टोअरकीपरच्या तोंडात कोंबून, तुमचे लोक भारी, मुसलमानांना बरी अद्दल घडवली, असं वर म्हणाला होता. याने तो पेढा बाहेर जाऊन थुंकला होता, ते मी पाहिलं होतं. तरी म्हटलं, ज्यूंचं एवढं कौतुक आहे तर या ताटाबद्दल तरी बोलेल. ओव्हरसिअर हात धुता धुता म्हणाला, "असू दे हो. तेलीच ना ते शेवटी." म्हणजे पेढेवाल्यालाही ते ताट चालत होतं. इस्रायलला शिव्या देणारा आणि इस्रायलच्या नावाने पेढे वाटणारा, दोघे एका पंगतीत मांडीला मांडी लावून जेवत होते, आणि आमचा स्टोअरकीपर ते निळ्या कडेचं ताट घेऊन एकटा दाराजवळ.

मी सगळ्या पंगतीचं मत मागितलं. ताट काढून टाका म्हणणारा मी एकटा निघालो. दुसऱ्या दिवशी मीच ते निळ्या कडेचं ताट घेऊन बसलो, तर हा म्हणाला, "राहू दे रे. तू चार दिवस यात जेवशील, मग ते माझंच. मला आईला आणायचीय. तिच्या हातात हे ताट देऊ?"

नंतर तो मेसला आलाच नाही. खोलीतच स्टोव्हवर भात टाकायचा, मीही त्याच्याबरोबर जेवायचो. शेजारची खोली त्याने सोडून दिली, आणि भावाला पत्र टाकलं.

पावसाळा सरल्यावर मी त्याला बोईसर स्टेशनावर सोडायला गेलो. पुढे अलिबागला जाऊन आईला घ्यायची आणि मग तिकडे. ट्रंक बाकाखाली सरकवून तो खिडकीशी बसला आणि म्हणाला, "भाऊ इतकी वर्षं बोलवत होता, मी गेलो नाही. तुमच्या पुढाऱ्याला सांग, त्याने ते काम एका ताटात केलं." गाडी हलली तेव्हा त्याने हात वर केला, सभेत केला होता तसाच.

परत येताना पुढारी स्टेशनाबाहेर चहा पीत उभा होता. कुणाला सोडायला गेलो होतो ते त्याला ठाऊक होतं. बशीतला चहा फुंकत तो म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं? शेवटी तिकडचाच निघाला."