माटोळीची गाठ

क्लबातला बेस कानाला नाही, पोटाला ऐकू येतो. तो मला कोरगावच्या आमच्या बसक्या कौलारू घरात हवा होता. शेजाऱ्यांनी मागितला नव्हता, हे खरं. वर्षभराच्या सुट्ट्या घालवून मी प्लायवूडची दोन कपाटाएवढी खोकी जोडली, म्हापशाहून अठरा इंची स्पीकर आणले आणि चवथीच्या आदल्या दिवशी सगळं हॉलमध्ये मांडलं.

त्याच हॉलमध्ये बाबांनी माटोळी बांधली होती. गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, तिला रानातली फळं, चिबूड, सुपारीचे घड, नारळ. बांधायला झाडाच्या सालीच्या दोऱ्या, सुतळी त्यांना चालत नसे. आजवर आपलं एकही फळ पडलं नाही, असं ते दरवर्षी ऐकवायचे आणि आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करायचो.

चवथीच्या सकाळी बाबा मूर्ती आणायला गेले. घर मोकळं बघून मी आवाज चढवला. खिडक्या थरथरल्या, कौलांतून धूळ गळली, माटोळी नाचायला लागली. मी खूश! बंद केल्यावर दिसलं, मधल्या नारळाची गाठ सैल झाली होती. बाबा आले की सांगू म्हटलं. मग मूर्ती आली, माणसं आली, आणि मी विसरलो. निदान स्वतःला तसं सांगत आलोय. खरं म्हणजे मला शिव्या खायच्या नव्हत्या.

दुपारी आरतीत घुमट आणि झांजा वाजत असताना नारळ सुटला. मूर्तीचा हात तुटला. भटजींनी त्याच दिवशी विसर्जन करायला सांगितलं. आमचा पाच दिवसांचा गणपती संध्याकाळी पाण्यात गेला. माझी खोकी आरतीभर बंद होती, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी बघितलंही नाही.

"गाठ माझीच सैल रवली," बाबा म्हणाले. वय झालं, असं म्हणून काकांनी त्यांची समजूत काढली. मी शेजारीच उभा होतो. मला चक्क हायसं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

पुढच्या चवथीला बाबांनी दोऱ्या माझ्या हातात दिल्या. "तूच बांद. माझ्या हातात जोर रवलो नाय."

बोलायचं तर तेव्हाच होतं. मी स्टुलावर चढलो. शेवटचा नारळ बांधून उतरलो, तेव्हा बाबा काकांना सांगत होते, "आता भिती नाय. ह्या वर्सा माझ्या झिलान बांदल्यान."