पेपर सुटल्यावर

पंचवीस वर्षं एकाच स्टाफरूममध्ये चहा प्यायला, की माणसाजवळ किस्सेच उरतात. छावणीतल्या आमच्या कॉन्व्हेंट शाळेत मी मराठी शिकवायचे. पुंडलिकनगरच्या आमच्या कट्ट्यावर मैत्रिणी अजूनही म्हणतात, "तुमच्या सिस्टरचं सांगा की!"

सिस्टर म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस. केरळच्या. पहिल्याच मीटिंगमध्ये "एकमेकांना मदत करा" हे त्यांना मराठीत सांगायचं होतं. म्हणाल्या, "या शाळेत सगळ्यांनी एकमेकांवर हात उचला!"

गणिताचे पठाण सर उठले. "सिस्टर, शुरू किससे करें?"

*

नाताळच्या नाटकात मेंढ्या हव्या होत्या. आम्ही पुठ्ठ्याच्या कापत बसलो होतो. तेवढ्यात फुलंब्रीकडचे एक पालक टेम्पोतून खऱ्या मेंढ्याच घेऊन आले! सिस्टर घाबरल्या, "अहो, हॉल घाण होईल!"

"व्हऊ द्या. झाडून काढू समदे मिळून," ते म्हणाले. "गोठ्यात मेंढरं नाय, तर देव जन्मला कुठं म्हणायचं?"

हॉल झाडायला सगळ्यात आधी सिस्टरनीच खराटा उचलला.

*

पठाण सरांच्या बायकोचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांचे तास आम्ही वाटून घेतले. माझ्या वाट्याला भूमिती आली! आदल्या दिवशी दहावीच्याच एका मुलीकडून प्रमेय शिकायचं, दुसऱ्या दिवशी वर्गाला शिकवायचं. सर परतले, फळ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "मॅडम, त्रिकोण एकदम सही है." मग चष्मा पुसत बसले.

*

सिस्टर वारल्या, त्या एका मार्चमध्ये. बोर्डाची परीक्षा चालू होती. दहावीला इंग्रजी त्याच शिकवायच्या. आजारपणातही मुलींना कॉन्व्हेंटमधल्या आपल्या खोलीत बोलावून, उशीला टेकून निबंध तपासायच्या. आणि गेल्या ती नेमकी इंग्रजीच्या पेपरची पहाट.

अंत्यविधी त्याच दिवशी सकाळी अकराला ठरत होता, आणि पेपरही अकराचाच. पठाण सर कॉन्व्हेंटच्या मदरना भेटले. "मदर, बच्चियों का पेपर है. थोडा रुक जाते."

मदरनी फादरना विचारलं. फादर म्हणाले, "थांबू."

मुलींना घरी कुणी काही कळू दिलं नाही. आम्ही निम्मे परीक्षा केंद्राच्या फाटकाशी उभे राहिलो, निम्मे चर्चमध्ये. पेपर सुटला, तेव्हा फाटकातच सांगितलं. कुणी घरी गेलं नाही. हातात पॅड, बोटांना शाई, तशाच रिक्षांत बसल्या.

चर्च गच्च भरलं. फादरनी विचारलं, "सुरुवात करू?"

"एक मिनिट, फादर." पठाण सर पुढं गेले, टोपी नीट केली आणि शवपेटीवर वाकले.

"सिस्टर," ते म्हणाले, "पेपर आसान था. सबने पूरा लिखा."