थोरल्या दिरांचा शर्ट

माझ्या पोटात एक वाक्य पंचवीसेक वर्षं पडून होतं. बरणीतलं लोणचंसुद्धा एवढं मुरत नाही.

वाक्य मूळचं माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. त्यांच्या लेकीच्या बारशाला मी कॉलर-कफवाला ब्लाउज घालून गेले होते. शिवणाचा क्लास नुकताच झाला होता, कुठल्याशा परदेशी मासिकात फोटो पाहिला होता, आणि अंगात आल्यासारखी मी नवऱ्याच्या रेघांच्या शर्टाला कात्री लावली होती. त्यावर येवल्याची जांभळी साडी. निघताना आरशात मी स्वतःला थेट लंडनची वाटले. जाऊबाईंनी पाळण्यापाशी, भरल्या घरात, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "भाऊजींचा शर्ट हिनं घातलाय. मग भाऊजी काय घालून आलेत ते बघा गं."

बायका पाळण्याची दोरी सोडून हसल्या. माझा नवराही हसला. त्याला पुढे आठवडाभर मुगाची खिचडी मिळाली. ब्लाउज ट्रंकेत गेला. 'शर्टवाली' हे नाव मात्र बाहेरच राहिलं.

यंदा त्या पाळण्यातल्या मुलीचं लग्न ठरलं. पोरगी फॅशन डिझाइन शिकलेली. आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत असते. हिनं त्या साडीवरच्या ब्लाउजला कागदावर काय काढून आणावं? कॉलर आणि कफ.

"काकू, कॉलेज रोडच्या टेलरला जमत नाहीये. पदराखाली कॉलर फुगते. तूच शिव ना. आणि मम्मीलापण तसाच हवा, पप्पांच्या जुन्या शर्टाचा. थीम आहे आमची."

"शिवते की. पण मम्मीला म्हणावं, स्वतः ये. शर्ट घेऊन."

जाऊबाई आल्या. पिशवीतून दिरांचा निळ्या रेघांचा शर्ट काढून मशीनवर ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "माझा आपला साधाच शिव गं."

"साधं मला कुठं येतं, ताई? मी शर्टवाली."

त्या हात वर करून उभ्या राहिल्या. मी माप घेतलं. गळ्याचं जरा कमीच धरलं.

मग लग्नापर्यंत मी माझं वाक्य घोटत बसले. दादांचा शर्ट ताईंनी घातलाय, मग दादा काय घालून आलेत? कुठं थांबायचं, कुणाकडे बघायचं, सगळं भाजी निवडता निवडता पक्कं केलं. नवरा म्हणाला, "ओठ काय हलवतेस? भाषण आहे का तुझं?"

नाशिक रोडच्या हॉलमध्ये वंदना झाली, लग्न लागलं, फोटोसाठी दोन्हीकडची माणसं स्टेजवर चढली. नवरीची कॉलर पदराखाली अशी बसली होती की मलाच माझी दृष्ट लागावी. जाऊबाई निळ्या रेघांत उभ्या. छान दिसत होत्या, आता काय करणार. मी घसा साफ केला.

"दादांचा..."

"अहो विहीणबाई," ताईंनी माझा दंड धरून मला बाजूला सारलं, "ह्यांचा शर्ट मी घातलाय. आता हे काय घालून आलेत ते बघा."

अख्खा स्टेज हसला. दीर बिचारे कोटाची बटणं चाचपायला लागले. विहीणबाई म्हणाल्या, "किती गमतीशीर बोलता हो तुम्ही." आणि ताईंनी माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. बाई काही विसरलेली नव्हती. पंचवीस वर्षं मी सांभाळलं, आणि टाळ्या दोन्ही वेळा तिलाच.

मी तरातरा जेवायला जाऊन बसले. पहिला घास घेते तोच नवरी शोधत आली. "काकू, मम्मीच्या गळ्याचं बटण निघत नाहीये. तिला घाससुद्धा उतरत नाहीये."

निघणार नव्हतंच. ते काज मी हातानं घातलं होतं. बारीक, घट्ट, जीव लावून.

"आलेच म्हणावं," मी म्हटलं, आणि वाढप्याला हाक मारून आणखी जिलेबी मागितली.