उतारावर अडवलेली तोफ

हवालदार काशिनाथ कसा गेला, हे सरकारी कागदावर चुकीचं लिहिलं आहे. मी तिथे होतो. म्हणून खरं काय ते लिहितो.

त्या हिवाळ्यात आमची बॅटरी, म्हणजे तोफखान्याची तुकडी, उत्तरेकडच्या एका खिंडीत तैनात होती. मी नायक, तोफ ओढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर. पंचवटीतल्या भिक्षुकाच्या घरातला, म्हणून सगळे मला पंडित म्हणत. काशिनाथ कळवणकडचा, आमच्या तोफेचा प्रमुख. सहाला इंजिन गरम करायचं, सातला चाकांना साखळ्या चढवायच्या, आठला चहा. साखळ्या तो स्वतः ओढून बघायचा. "पंडित, पूजा नीट बांधली का?" असं रोज विचारायचा आणि मला रोज राग यायचा.

एके दिवशी सकाळी साडेनऊला हुकूम आला. तोफ दुपारी दोनपर्यंत खालच्या ठाण्यावर हवी. रस्त्यावर कडक बर्फ होतं. कॅप्टनसाहेब नवे होते.

"गन जोडो. नीचे चलो."

"नहीं साहब," मी म्हणालो.

"क्यों? ऊपर इसी गाडी से लाए थे."

हल्ली मी ओझरच्या रस्त्यावर अवजड गाड्या चालवायला शिकवतो. तिथेही कुणीतरी छातीठोकपणे सांगतोच, की गाडी जड असली की रस्त्याला चिकटून बसते. चिकटते, पण थांबवायचं वजनही तेवढंच वाढतं. आणि बर्फावर मुळात पकडच नाही. आमच्या साखळ्या गाडीच्या चाकांना होत्या, तोफेच्या चाकांना नव्हत्या. चढावर गाडी तोफेला ओढते. उतारावर तोफ गाडीला ढकलते, आणि दोघींचं वजन अडवायला चाकं फक्त गाडीची. एकदा वेग धरला की ड्रायव्हर नुसता स्टिअरिंग धरून बसलेला प्रवासी. मागे सात जवान बसणार होते. मी नाही म्हणालो. आजही नाहीच म्हणेन.

काशिनाथ पुढे आला. "साहब, पंडित सही बोल रहा है. रस्सों से उतारेंगे."

परवानगी मिळाली. आमचे आणि शेजारच्या तोफेवरचे मिळून बारा जण मागून दोर धरून, त्यात मीही. काशिनाथ चाकापाशी, हातात लाकडाचा ठोकळा आणि खांद्यावर वाळूची पिशवी. चाकापुढे मूठभर वाळू, की तोफ वीतभर पुढे. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, अशी सक्त ताकीद असते. पण थंडीने बोटं मिटत नव्हती, म्हणून आम्ही गुंडाळला. ती चूक आमची, मी ती लपवत नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी वळणाच्या अलीकडे वाळू संपली. तोफ सरकली. पहिली दोन पावलं सावकाश, मग आम्ही बाराच्या बारा बुटांवर घसरत तिच्यामागे. वळणाखाली दरी होती.

"दोर सोडा," काशिनाथ ओरडला.

"सुटत नाहीये."

त्याने आमच्या हातांकडे एकदा पाहिलं. ठोकळा चाकाखाली सारला. ठोकळाही चाकाबरोबर घसरायला लागला. तेव्हा तो ठोकळ्यापुढे बसला, पाठ कडेच्या खडकाला, दोन्ही पाय ठोकळ्यावर. ठोकळा अडला. तोफ आडवी फिरली, खडकावर आदळली आणि थांबली. काशिनाथ मध्ये होता. आम्ही बारा जण वाचलो.

चौकशीचा कागद माझ्यापुढे आला. 'पाय घसरून अपघाती मृत्यू.' मी सही केली नाही.

"क्या फर्क पडता है?" मला विचारलं गेलं.

"पडता है, साहब."

माझी बढती राहिली. राहिली तर राहिली.

रजा मिळाल्यावर आधी कळवणकडे गेलो. काशिनाथच्या बायकोने, सुमनवहिनींनी, तोच कागद ट्रंकेतून काढून माझ्यापुढे ठेवला. मी सगळं सांगितलं, दोर मनगटाला गुंडाळल्याचंही. मला रडू आवरलं नाही.

"भाऊजी, तुम्ही सांगता ते कुठं लिवलेलं हाय का?"

"नाही, वहिनी."

"मग लिवा. खाली तुमचं नाव घाला. हा कागद मला नको."

मी तिथेच लिहिलं. पुढची दोन वर्षं प्रत्येक रजेत, दोर धरणाऱ्यांपैकी रजेवर आलेल्या दोघा-तिघांची गावं गाठली आणि सही मागितली. एकानेही नाही म्हटलं नाही. वहिनींच्या घरात आता तो कागद भिंतीवर आहे. हवालदार काशिनाथ तोफेपुढे स्वतः बसला आणि त्याने ती अडवली, एवढंच त्यावर लिहिलं आहे. खाली बारा सह्या आहेत.