उजवीकडची रिकीब

मे उजाडला तरी वाऱ्याची धार गेली नव्हती. कुंपणाच्या तारांवर हिम गोठून बसलं होतं. ऑरिन पाईकनं पाच वाजताच पोरक्या वासराला बाटली पाजली, डाग द्यायची लोखंडं ओळीनं मांडली आणि गॅसची शेगडी पेटवली. आज नॅडीनच्या रँचवर वासरांना मालकीच्या खुणेचे डाग द्यायचे होते. दोनशे वासरं वाडग्यात, त्यांच्या आया बाहेर, आणि दोन्हीकडून नुसता हंबरडा. शेजारपाजारचे लोक गाड्यांमागे घोडे लादून धूळ उडवत येऊ लागले, तसा ऑरिन उगाचच शेगडीची ज्योत कमीजास्त करत राहिला.

त्याचा बाप विहिरी खणायचा. ऑरिननं सोळाव्या वर्षी घर सोडलं आणि पुढची अठरा वर्षं, पाठीवर कुणाला बसू न देणाऱ्या घोड्यांवर बसून पोट भरलं. एके दिवशी त्यातल्याच एकानं त्याला कठड्यावर आपटलं. डाव्या खुब्यात धातूची पट्टी बसली आणि तो पाय वाकवून रिकिबीत घालणं कायमचं संपलं. मग दोन वर्षं ट्रक चालवला. वाटेत घोडा दिसला की मान फिरवायची, हे ठरलेलं.

वायोमिंगच्या या खोऱ्यात तो डिसेंबरात आला. नॅडीनचा नवरा लाइल जाऊन तीन वर्षं झाली होती. गायी विण्याच्या हंगामापुरता तिला माणूस हवा होता.

"घोड्याचं सोडून काहीही सांगा, बाई," तो पहिल्याच दिवशी म्हणाला.

"शेण तर काढता येतं ना?" ती म्हणाली आणि फावडं हातात दिलं. का, कसं, काही विचारलं नाही.

मार्चच्या वादळात एक गाय घळीत अडकली. तिथं गाडी जाईना. नॅडीन एकटीच घोड्यावर गेली आणि हा दोन तास फाटकाशी उभा. ती परत आली तेव्हा तिच्या भुवयांवर बर्फ होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ऑरिननं तबेल्यातली म्हातारी घोडी, रुबी, बाहेर काढली.

घोड्यावर डावीकडून चढतात. रुबी तेवढंच शिकली होती. ऑरिन उजवीकडून आला की ती गर्रकन फिरायची. त्यानं महिनाभर रोज पहाटे तिला समजावलं. उजवा पाय रिकिबीत, पोट खोगिरावर, आणि डावा पाय काठीसारखा ताठ ठेवून पाठीवरून ओढून घ्यायचा. पडला, उठला, पुन्हा गेला.

एप्रिल संपता संपता एका सकाळी बघतो तर उजवी रिकीब दोन भोकं खाली बांधलेली. तो तणतणत स्वयंपाकघरात गेला.

"माझ्या खोगिराला कुणी हात लावला?"

"मी. एवढ्या उंच पाय टाकतोस, दुसरा खुबाही मोडून घेशील."

"कधीपासून बघतेयस?" रागाच्या भरात 'बाई' आणि 'अहो' दोन्ही गळून पडले.

"पहिल्या दिवसापासून. तिसऱ्यांदा पडलास तेव्हा पडदा ओढला. मेल्या, शिव्या तरी हळू दे." तिनं कॉफी पुढं सरकवली. "मंगळवारी वासरांच्या लशी आणायला गावात जायचंय. लग्नाची नोंदणी होते ते ऑफिसही त्या दिवशी उघडं असतं."

ऑरिननं कॉफी संपवली. मग म्हणाला, "धुतलेला शर्ट एकच आहे."

"एकच पुरतो."

मंगळवारी लग्न झालं. लशींची पेटी मांडीवर घेऊनच दोघं परतले. कुणाला सांगितलं नव्हतं. ऑरिननंच अट घातली होती: शनिवारी डाग देताना वासरावर पहिला फास मी टाकीन, मग सांग. लोकांनी म्हणू नये, नॅडीननं लंगड्याची कीव केली.

पहिला फास घरच्या माणसानं टाकायचा, ही या खोऱ्याची रीत. लाइल गेल्यापासून तो मान शेजारच्या डेल्बर्टकडे होता. आजही म्हातारा दोर सोडवू लागला.

"डेल्बर्टकाका, थांबा," नॅडीन म्हणाली. "पहिला ऑरिन टाकेल."

"हा? अगं, पहिला घरच्याचा असतो!"

"म्हणूनच."

ऑरिन रुबीच्या उजव्या बाजूला गेला.

"लेका, चढायची बाजू पलीकडं!" डेल्बर्ट ओरडला. दोघंतिघं हसले.

"घोडीला विचारा, तिला हीच पसंत आहे."

पहिल्या झटक्याला डावा पाय खोगिराच्या मागं अडकला. खुब्यातून कळ थेट दातांत गेली. रुबीनं एक पाऊल टाकलं आणि थांबली. हसणं बंद झालं. ऑरिननं पाय ओढला, पार केला, आणि वर बसला.

पहिला फास धुळीत रिकामा पडला. त्यानं शांतपणे दोर गोळा केला. दुसऱ्या वेळी वासराचे दोन्ही मागचे पाय अडकले. खोगिराच्या खुंटीला दोन वेढे देऊन त्यानं वासरू शेगडीपर्यंत ओढत आणलं.

"आम्ही मंगळवारी लग्न केलं," नॅडीन लोखंड उचलत म्हणाली.

शेगडीभोवतीच्या सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

"आणि जेवण?" डेल्बर्टनं विचारलं.

"आधी वासरं."

"बघ पोरा," म्हातारा दोर घेऊन घोड्याकडं वळला, "तुझं आता काही खरं नाही."

शेवटचं वासरू सुटलं तेव्हा उन्हं कलली होती. ऑरिन उजवीकडूनच उतरला. उभं राहायला त्याला कठड्याचा आधार घ्यावा लागला, आणि तो त्यानं सगळ्यांदेखत घेतला. गोठ्यातून पोरकं वासरू ओरडत होतं. तो लंगडत गेला, बादलीत कोमट पाणी ओतलं आणि दुधाची भुकटी ढवळू लागला.